हौसाची मयत

मुकुंदवाडीत मुक्ताबाईला वळखत नाय असं घर सापडायचं नाय. कुणाच्या घरी लेकरू जलमलं, दवाखान्यातून माय-लेकरू घरी आलं, की पयला निरोप मुक्ताबाईला. ती यायची, न्हाणीत पाट मांडायची, लुगडं गुडघ्याच्या वर खोचायची आन् पाय सरळ लांब करून नडग्यांवर ते मासाचं गाठोडं उपडं घालायची. हात तिचे खराट्यासारखे, बोटांना भेगा. पर त्या हाताखाली लेकरू घडीभर बोंबलायचं, मग कुईकुई करायचं, मग पाणी अंगावर असतानाच झोपी जायचं. मुकुंदवाडीतली आज मिसरूड फुटलेली निम्मी पोरं तिच्या नडगीवर मुतलेली हायेत. हे ती भर रस्त्यात सांगायची, म्हून पोरं तिला बघून गल्ली बदलायची.

दुसरा गुण तिच्या गळ्यात होता. फर्दापूरकडच्या गावात ती वाढली, तिथल्या म्हाताऱ्यांकडून ती हेल काढायला शिकली. मयतीच्या घरी बाया नुसत्या रडत नसत्यात. गेलेल्या माणसाची सारी हयात सुरात सांगत्यात. त्यानं काय केलं, त्याला कुणी छळलं, मरताना त्याला पाणी कुणी दिलं आन् कुणी नाय दिलं. त्या रडण्यात बोललेलं कुणाला खोडता येत नाय आन् रडणारीच्या अंगावर कुणी धावून जात नाय. सूनंला सासूचं वाभाडं काढायचं असलं तर हीच एक जागा. आन् त्याची रीत बी ठरलेली. गल्लीच्या कोपऱ्यापासूनच गळा काढत यायचं. दारात उभं राहून "कोण गेलं?" म्हून इचारायचं नाय, इचारल तो परका. आधी डोईवर पदर घ्यायचा, खाली बसायचं, आपल्याबी मेलेल्यांना आठवून रडून घ्यायचं, आन् मग शेजारणीच्या कानात हळूच इचारायचं.

अशाच एका मयतीत सुदर्शननं तिला ऐकली. सुदर्शन बजाजनगरातला. कंपनीतून काढल्यावर त्यानं लग्नाच्या शूटिंगचा धंदा धरला होता. त्या दिवशी मेलेल्या म्हाताऱ्याचा पोरगा दुबईत अडकलेला, त्याला बापाचं तोंड मोबाइलवर दाखवायचं म्हून ह्याला बलवलं होतं. मुक्ताबाईनं हेल काढला आन् ह्यानं कॅमेरा म्हाताऱ्यावरून तिच्याकडं फिरवला.

माती झाल्यावर तो तिच्या मागं मागं आला. "मावशी, माह्या पिक्चरमधी भूत व्हता का?"

"मेल्यावर व्हईन की बाबा. घाई काय हाय?"

"खरंच म्हणतो. तुम्हाला कायबी करायचं नाय. बारवंत उभं राहायचं आन् असंच रडायचं."

घरात तिच्या लेकानं, सम्यकनं, तोंड वाकडं केलं. तो वाळूजला कंपनीत होता, जयंतीच्या कमिटीत बी होता. "आई, आपण भूतखेत मानत नाय. बाबासाहेबांनी काय सांगितलं?"

"मी कुठं मानते? मानायचं ते बघणाऱ्यानं. भुताला भुतावर इस्वास ठिवावा लागत नाय."

खाटेवर पडलेला मोतीराम, तिचा नवरा, भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "जाऊ दे तिला. मी तर लग्नापासून फुकटात बघू राहिलो."

तर असा तो पिक्चर झाला, 'बारवंतली हौसा'. हौसा ही मालकाच्या वावरात राबणारी बाई. मालकाची नजर फिरती, ती नाय म्हणती, मालक तिला तान्ह्या लेकरासकट बारवंत ढकलतो. मग ती पाण्यातून वर येती आन् एकेकाला मागं बोलावती. एवढंच. पैशाच्या नावानं शिमगा होता. धूर पायजे म्हून डास मारायची मशीन आणली, तिच्या वासानं सगळं युनिट खोकलं. रगत म्हून गुलाबी सरबतात कुंकू कालवलं, त्याला मुंग्या लागल्या. तोंडाला ज्वारीचं पीठ. भर थंडीत मुक्ताबाई गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली आन् ती हौसाची मयत हौसाच्याच तोंडानं रडली. "ढकलणाऱ्या हाताला नाव नाय का गं, त्याचं नाव कुणी घेत नाय का गं" असं ती म्हणाली तव्हा कॅमेऱ्यामागची पोरं मागं सरकली. ते कागदावर नव्हतं. ते तिचं तिनं लावलं होतं.

पिक्चर मोबाइलवर गेला आन् गावोगावी पसरला. जत्रंत चादर बांधून दाखवला. बाया बारवंवर एकट्या जाईनात. मुक्ताबाईला रिक्षावाले फुकट नेऊ लागले आन् लेकरं "हौसामावशी, एकदा वरडा ना" म्हून पदर धरू लागली. न्हाऊ घालायच्या घरी बाळंतिणी दार लावून घ्यायच्या आन् म्हणायच्या, "मावशी, पर तिनं सोडायला नव्हतंच पायजे त्या मालकाला." मुक्ताबाईला तेवढं बास होतं. तिला ठाऊक होतं लोक कशाला भ्याले. भूत दात दाखवतं म्हून कुणी भेत नाय. भूत खरं बोलतं म्हून भेत्यात.

पण माणसाला एकदा चव लागली की तो पातेलं खरवडतो.

दुसरा भाग आला तव्हा सुदर्शनला धनी भेटला, आप्पासाहेब. जमिनी मायंदळ, शहरात दोन मंगल कार्यालयं, आन् आपला फोटो चौकात लागावा ही एकच तहान. त्यांनी पैसा घातला. हौसाच्या जागी सायली नावाची गोरीपान पोरगी आणली. आता ही हौसा बारव सोडून एका रिसॉर्टच्या पोहायच्या तलावात निघाली. तिच्या डोळ्यांतून हिरवा उजेड यायचा, मधीच ती नाचायची, आन् शेवटी एक बाबा तिला बाटलीत कोंडायचा. लोक हसले. जिथं भ्यायचं तिथंच जास्ती हसले. मुक्ताबाई सुलेखाला, तिच्या नणंदेला, घेऊन तिकीट काढून बघायला गेली. पडद्यावर सायलीनं तोंड उघडलं आन् त्यातून मुक्ताबाईचा हेल बाहेर आला. तोच, पयल्या भागातला, उचलून चिकटवलेला.

सुलेखा म्हणाली, "अगं वयनी, हा तर तुहा गळा."

"व्हय."

"इचारलं व्हतं का त्यानं?"

"गप बस. बघू दे बाटलीत कशी मावती ते."

तेवढं तिनं गिळलं. चोरलेला गळा माघारी मागून मिळत नसतो.

तिसऱ्या भागाचं मात्र घशाखाली उतरंना. तो भाग म्हणे आधीची गोष्ट. हौसा भूत व्हायच्या आधी कोण होती त्याची. जाहिरात मोबाइलवर आली तव्हा मुक्ताबाई एका घरी बाळंतिणीला शेक देऊ लागली होती. सासूनं मोबाइल पुढं धरला. पयलं आप्पासाहेब दिसले, फेटा बांधून, गोरगरिबांना धान्य वाटताना. मालकाचं काम त्यांनीच केलं होतं. मग एक बाई, वखवखलेली, केस सुटलेले. मग मुक्ताबाईचं सोताचं तोंड, पिठानं पांढरं, पयल्या भागातून कापून आणलेलं. आन् त्याच्यावर लाल अक्षरं: जिनं आपलंच लेकरू खाल्लं.

सासूनं मोबाइल मागं घेतला. बाळंतिणीनं लेकरू वढून छातीशी धरलं. मुक्ताबाईनं शेगडीतला इस्तू राखंनं झाकला आन् ती घरी आली.

दुसऱ्या दिशी ती बजाजनगरला सुदर्शनच्या हापिसात. काचेचं दार, आत गारेगार. सुदर्शन उठून उभा राहिला. "मावशी! या की. गोकुळ, पाणी आण. बघितला का टीजर?"

"लेकरू कुणी खाल्लं सुदर्शन?"

"आं?"

"हौसाचं लेकरू तिच्यासंगं बारवंत गेलं. तूच लिवलं व्हतं. मी ते बाहुलं कडंवर घेऊन पाण्यात उतरले. मग आता खाल्लं कुणी?"

सुदर्शननं खुर्ची पुढं वढली. "मावशी, हे त्याच्या आधीचं हाय. लोकांना मागची गोष्ट पायजे असती. म्हंजे ती अशी काहून झाली..."

"ढकलली म्हून झाली. ह्याच्यात न समजण्यासारखं काय हाय?"

"तसं नाय. ह्याच्यात ती आधीपासूनच... जरा तशीच असती. मालक तिला वाचवायला जातो आन् ती पाय घसरून पडती."

"सोताच्या पायानं."

"व्हय."

"आन् मालकाचा हात?"

सुदर्शननं काचंतून बाहेर बघितलं. आवाज खाली आणला. "आप्पासाहेब म्हणले, पयल्या भागात आमच्या लोकांची बदनामी झाली. मालक म्हंजे काय राक्षस असतो का? मी तरी काय करू मावशी? पैसा त्यांचा."

"मग माहं तोंड काहून लावलं? त्या वखवखलेल्या बाईचंच लावायचं."

"लोक तुम्हालाच वळखत्यात ना. तुमच्याबिगर हौसा म्हणलं तर कुणी तिकीट काढंल का?" आन् तो हसला. "शुक्रवारी या टॉकीजला. स्टेजवर बसवतो, शाल-नारळ देतो."

"माहं तोंड काढ त्यातून."

"आता नाय निघत मावशी. प्रिंट गेली."

ती उठली. गोकुळनं आणलेलं पाणी तसंच राहिलं.

दोन-चार घरं तुटल्याचं तिला वाईट वाटलं नसतं. पण दीपमालाचं घर तुटलं. दीपमालाची पयली लेक अपेक्षा, सातव्या महिन्यात झालेली, तळहातावर मावंल एवढी. दवाखान्यातून आणल्यावर ती मुक्ताबाईनं कापसात गुंडाळून, कोमट तेलाच्या बोटांनी जगवली होती. आता दीपमालाला पोरगा झाला होता. मुक्ताबाई ठरल्यापरमानं सकाळी दारात गेली तर सासू उंबऱ्यातच उभी.

"आजच्याला राहू द्या मुक्ताबाई."

"उद्या येऊ?"

"उद्याबी नगं. तसं काय नाय हो, आमचा काय इस्वास नाय असल्या गोष्टींवर. पर पाव्हण्या बाया बोलत्यात. जाहिरातीत दाखवलं ते... मनात किल्मिष येतंय. तान्हं लेकरू हाय."

आतून दीपमालाचा आवाज आला, "आत्या, येऊ द्या ना मावशीला!"

"तू गप. वल्या अंगानं बोलू नको."

मुक्ताबाईनं आपल्या हाताकडं बघितलं, मग त्या सासूकडं. "तुमच्या नातीला ह्या हातानं काय केलं ते इसरलात का?"

"इसरले नाय. म्हून तर दारात उभी राहून सांगू लागले. नायतर निरोप धाडला असता."

ते कवाड लागलं, आन् त्याच आठवड्यात मुकुंदवाडीतली बाकीची बी लागली. ज्या बाया तिला हौसा म्हून मिरवायच्या त्याच आता लेकरू पदराखाली घेऊ लागल्या. तिची सारी जिनगानी त्या दोन हातांत होती, आन् त्या हातांवर सुदर्शननं कागदावर लिवून रगत लावलं होतं.

सम्यक म्हणाला, "आई, केस करू. वकील माझ्या वळखीचा हाय. नोटीस धाडू."

"नोटीस तो वाचंल?"

"वाचावी लागती."

"मग धाड तू तुही नोटीस. मी माही धाडते." तिनं सुलेखाला हाक मारली. "सुलेखा, गल्लीतल्या रडणाऱ्या बाया गोळा कर. शुक्रवारी मयतीला जायचं."

सुलेखा दचकली. "कोण गेलं गं?"

"हौसा गेली."

सुलेखा अशी हसली की तिला ठसका लागला. मोतीराम खाटंवरून म्हणाला, "चहा पिऊन जा. मयतीच्या दारात कुणी चहा देत नसतं."

शुक्रवारी दुपारचा खेळ. स्टेशनकडच्या त्या जुन्या टॉकीजपुढं आप्पासाहेबांनी मांडव घातला होता. बँड, फटाके, आन् दारातच आप्पासाहेबांचा फेट्यातला माणूसभर उंच फोटो. गोकुळनं हौसंनं त्या फोटोला झेंडूचा जाडजूड हार घातला होता, खाली उदबत्त्या खोचल्या होत्या, नारळ ठिवला होता. मालक खुश व्हावा एवढंच त्याच्या मनात. आप्पासाहेबांच्या गावाकडून बायामाणसांचे दोन टेम्पो निघाले होते, टॉकीज भरलेली दिसावी म्हून. आप्पासाहेब सोता उशिरा येणार होते. मोठा माणूस येळंवर आला तर मोठा कसला?

मुक्ताबाई आन् तिच्या बाया रिक्षातून कोपऱ्यावरच उतरल्या. रीतीपरमानं कोपऱ्यापासूनच गळा काढला.

"अगं माझ्या हौसे गंऽऽ, बारवंच्या पाण्यानं तुला सांभाळली गं, ह्यांच्या कागदानं तुला बुडविली गंऽऽ..."

बँडवाल्यानं वर बघितलं. त्यानं तोंडातली पिपाणी काढली, ढोलावरचा हात थांबला. मयतीम्होरं बँड वाजत नसतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बाया चालत आल्या आन् फोटोच्या समोर, मांडवाच्या मधोमध, फतकल मारून बसल्या.

"पोटच्याला तू पदराखाली झाकलं गं, तुझ्याच तोंडाला रगत फासलं गंऽऽ... ढकलणारा हात मोठ्या घरचा गं, आज त्योच हात हार घेतो गंऽऽ..."

सुदर्शन आतून पळत आला. गोकुळ त्याच्या कानाला लागला, "सर, एक नंबर! असलं प्रमोशन पैसे देऊन व्हत नाय." सुदर्शनच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं सोताचा मोबाइल काढला आन् लाइव्ह सुरू केलं. रडणाऱ्या बाया, मागं हारातला फोटो, उदबत्तीचा धूर. सारं चौकटीत नीट बसलं. लग्नाचं शूटिंग केलेला माणूस तो, चौकट चुकायची नाय.

तेवढ्यात गावाकडचे टेम्पो आले. पयल्या टेम्पोत आप्पासाहेबांची थोरली बहीण आशाबाई होती. उतरताना तिच्या कानावर हेल पडला. तिनं समोर बघितलं. भावाचा फोटो, त्याला हार, खाली उदबत्ती, पुढं जमिनीवर बसलेल्या बाया. ती रीत मोडणारी बाई नव्हती. तिनं इचारलं नाय. तिनं पदर डोईवर वढला, दोन्ही हातांनी छाती पिटली आन् "आप्पाऽऽ रं माझ्या वाघाऽऽ" म्हून तिथंच बसली. तिच्यामागं दोन्ही टेम्पो बसले. कुणी आप्पासाहेबांना रडली, कुणी आपल्या नवऱ्याला, एक जण गेल्या साली मेलेल्या म्हशीला रडत होती असं मागून कळलं. मुक्ताबाईनं एकवार त्या हाराकडं बघितलं, त्या पसरलेल्या बायांकडं बघितलं, आन् सूर आणखी वर नेला.

पानटपरीवर एक रिक्षावाला इचारू लागला, "क्या हुआ भाई? कौन गुजर गए?"

टपरीवाल्यानं फोटोकडं मान हलवली.

"अरे अल्ला! साब गए? परसों तो मैं देखा ना उनकू."

सुदर्शनच्या लाइव्हखाली हात जोडलेली चित्रं पडू लागली. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'साहेब, तुमची उणीव भासेल.' तिकिटाच्या खिडकीवर उभे राहिलेले लोक चपला काढून मांडवाच्या कडंला उभे राहिले. कुणी पैसे माघारी मागितले नाय, पण आत बी कुणी गेलं नाय. मॅनेजरनं डोअरकीपरला सांगितलं, "पडदा राहू दे. मयतीच्या दारात खेळ लावून मला टॉकीज बुडवायची नाय."

आशाबाईच्या शेजारची बाई आता मुक्ताबाईच्या कानाशी झुकली. आता इचारायची मुभा होती. "कशानं गेले बाई?"

"कोण?"

"आप्पासाहेब."

"त्यांचं मला काय ठाऊक? हार त्यांच्याच माणसांनी घातलाय. मी हौसाला रडू लागले."

"कोण हौसा?"

"बारवंतली."

बाई कोड्यात पडली. पण रडण्याच्या जागी जास्ती इचारायचं नसतं, म्हून तिनं पुन्यांदा गळा काढला.

तिकडं गाडीत आप्पासाहेबांचा फोन थांबंना. "साहेब कधी गेले हो?" "अरे मीच बोलतोय!" असं म्हणलं की पलीकडचा माणूस फोन ठिवून द्यायचा. घामानं भिजलेले आप्पासाहेब टॉकीजपुढं उतरले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, डोळ्याला काळा चश्मा. मांडवात शिरले आन् बायांनी जी किंचाळी फोडली तशी आधीच्या दोन्ही भागांत मिळून फुटली नव्हती. दोघी-तिघी उठून रस्त्याच्या पलीकडं पळाल्या. आशाबाई जागची हलली नाय. तिनं पयले भावाचे पाय बघितले. बुटांची टोकं पुढंच होती. मग ती उठली आन् तिनं चप्पल काढली.

"मेला नायस तर हार काहून घातलास मेल्या? माझे केस पिकले आन् तू मला रडवतोस?"

"अगं अक्का, सन्मानाचा हार हाय तो..."

"फोटोला कुणी सन्मानाचा हार घालतंय का? तुह्या बापानं घातला व्हता का?" आन् ती मुक्ताबाईकडं वळली. "आन् बाई, तू कोण? तू कुणाला रडू लागलीस?"

मुक्ताबाई उठली नाय. बसूनच बोलली, "अक्का, पयला पिक्चर बघितला व्हता का तुम्ही? बारवंतली हौसा?"

"बघितला की. देवळाम्होरं चादर लावून. आठ दिवस मी इहिरीवर गेले नाय."

"तिला कुणी ढकललं व्हतं?"

"मालकानं. त्या हराम्यानं."

"आता नाय ढकललं. आता मालक देवमाणूस झाला. आता हौसानंच आपलं लेकरू खाल्लं आन् सोताच्या पायानं घसरून मेली. ते मालकाचं काम तुमच्या भावानं केलंय. आन् हौसाचं तोंड म्हून माहं लावलंय. अक्का, मी लेकरांना न्हाऊ घालते. मला आता कुणी घरात घेत नाय."

आशाबाईनं पदरानं नाक पुसलं आन् भावाकडं बघितलं. "खरं व्हय रं?"

"अगं पिक्चर हाय ते! खोटं असतंय सगळं."

"खोटं हाय तर तुला काहून झोंबलं?"

आप्पासाहेबांनी काळा चश्मा काढून पुसायला घेतला. गावाकडच्या दोन टेम्पो बाया त्यांच्याकडं बघत होत्या, सुदर्शनचा मोबाइल अजून चालूच होता.

सुदर्शन मुक्ताबाईच्या पुढं उकिडवा बसला. "मावशी, बास करा. पाया पडतो. तोंड काढतो तुमचं, आजच काढतो."

"परवा निघत नव्हतं. प्रिंट गेली व्हती."

"काढतो म्हणलं ना."

"तो माईक घे. लेकरू कुणी खाल्लं ते सांग."

"इथं?"

"मग कुठं? तुह्या गारेगार हापिसात?" आन् तिनं पुन्यांदा तोंड उघडलं, "सुदर्शना रं माझ्या लेकराऽऽ, गळ्याइतक्या पाण्यात तुझ्यासाठी उभी राहिले रंऽऽ..." आपलं नाव मयतीच्या सुरात ऐकून कुणाचंबी काळीज टिकत नाय. त्यानं पळत जाऊन माईक घेतला.

"हौसानं... हौसानं लेकरू खाल्लं नाय. ते मी लिवलं. आप्पासाहेब म्हणले म्हून लिवलं. मुक्तामावशीचा त्याच्यात कायबी संबंध नाय."

मांडवात कुणी टाळी वाजवली नाय. आप्पासाहेबांनी सुदर्शनच्या हातातला माईक हिसकून बंद केला. ते गाडीत बसून निघून गेले. हार फोटोवर तसाच राहिला.

तो पिक्चर पुढं चार ठिकाणी लागला आन् चारी ठिकाणी मोकळ्या खुर्च्यांनी बघितला. ज्याच्या पयल्या खेळाला मयत झाली त्याला कोण जातंय? आप्पासाहेब आता मोबाइलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकोत नायतर गणपतीच्या, खाली कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिवतंच. ते काढायला त्यांनी एक माणूस पगारानं ठिवलाय म्हणत्यात.

सुदर्शन एकदा मुकुंदवाडीला आला. मुक्ताबाईनं त्याला बस म्हणलं नाय. दारातच उभं राहून तो म्हणाला, "मावशी, मी परत साधा करतो. पयल्यासारखा. तुम्ही पायजेत. चौथा भाग..."

"कर की. चौथा कर, पाचवा कर. मी हाय रडायला."

तो गेला. मोतीराम म्हणाला, "जरा जास्तीच झालं गं." तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुन्यांदा भिंतीकडं तोंड केलं.

आन् मग दीपमालाची सासू आली. सोता आली. लेकरू रात-दिस रडतंय, अंगाला लावून घेत नाय, बाजूच्या गल्लीतली बाई आणली ती धसमुसळी, पाणी कानात जातंय. "चुकलं माझं," असं ती म्हणाली नाय. ती म्हणाली, "चला की जरा."

मुक्ताबाई गेली. त्या घरात आजवर तिला चहा स्टीलच्या गिलासात, वट्यावर मिळायचा. आज आत खुर्ची मांडली, कपबशी आली. न्हाणीत पाट, पाणी, तेल तयार. दीपमाला दारातून हसू लागली.

मुक्ताबाई खुर्चीवरून हलली नाय. "बसा तुम्ही पाटावर."

"मी?"

"मग? माझ्या हाताला अजून रगत लागलंय असं कुणी म्हणलं तर? बसा. मी सांगते तसं घाला."

सासू गुडघे धरत बसली. पाय लांब करायला लावले, लुगडं वर खोचायला लावलं, सुनंम्होरं. लेकरू नडगीवर उपडं घातलं तसं ते किंचाळलं. "मान धरा. तशी नाय, तशी मोडंल. अंगठा कानामागं. आता पाणी. वरून नाय वो, हातावरून!" सासूच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, लेकरू हिरवंनिळं होऊन बोंबलू लागलं. "मुक्ताबाई, धरा की वो! निसटतंय!"

मुक्ताबाईनं चहा बशीत वतला. फुंकर घातली. सगळा पिली, तळाचा गाळसुद्धा. कपबशी खाली ठिवली, पदर कंबरंला खोचला.

"उठा," ती म्हणाली. "आणा इकडं."